जमनाला दिसलेला जावई

जमना आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे टेबल सरकवणं.

नवरा-बायकोनं शेवटचं काय करावं याचा काही कायदा नाही, पण टेबल म्हणजे फारच झालं! एका बाजूनं तिनं धरलं, दुसऱ्या बाजूनं मी. ती म्हणाली, "खिडकीपाशी ठेवू."

मी म्हणालो, "भिंतीपाशी."

"भिंतीपाशी ठेवलं तर आमी बायका कुठं बसणार?"

"खाली बसा. जमीन काय कमी हाय?"

टेबल भिंतीपाशी गेलं. घरातलं सामान शेवटी मी म्हणेन तिथंच जायचं. (नंतर ती गुपचूप परत हलवायची. पण तेवढा दिवस तरी माझा!) या वेळी ते परत हलवायचं राहिलं. मधल्या दिवसांत तिनं मला एकाही कामाला हात लावू दिला नाही, आणि तिसऱ्या दिवशी ती गेलीच. म्हणून टेबल हे शेवटचं.

मी चौथी शिकलेला माणूस. सगळा जन्म होडीवर गेला. लिहायला बसलो तर बोलतो तसंच लिहिणार. ज्याला शुद्ध पाहिजे त्यानं दुसरीकडं वाचावं.

तर टेबल कशाला, ते सांगतो. आमची सुमी लग्नाची झाली होती. एकुलती एक. माझा पुतण्या प्रकाश बोईसरला एका कारखान्याच्या ऑफिसात होता, बेटेगावला खोली घेऊन राहायचा. त्यानं स्थळ आणलं. मुलाचं नाव नरेश. आखातात बंदरावर क्रेन चालवतो, व्यसन नाही, आई-बाप नाहीत, मामानं वाढवला, मामा उमरोळीला राहतो. सगळं बरोबर. फक्त मुलगा इथं नाही. त्याला सुट्टी मिळणार मे महिन्यात, आणि मामाला जबाब पाहिजे लगेच, कारण डहाणूकडचं एक स्थळ त्यांच्या दारात येऊन बसलेलं.

"मग फोटो दे," मी प्रकाशला म्हणालो.

"फोटो कागदावर नाय, काका. तो कॉम्प्युटरवर आलाय. तिकडनं पाठवला, इकडं आमच्या ऑफिसात उतरला."

"मग ऑफिस घेऊन ये!"

आणि तो खरंच घेऊन आला! काळी पेटी, शाळेच्या वहीसारखी उघडणारी. लॅपटॉप. ही गोष्ट नव्वदीच्या शेवटाची. आमचं गाव घिवली, बिजलीघराच्या बाजूला. त्यामुळं विजेवर चालणारी प्रत्येक गोष्ट आपल्याला कळते असं गावातल्या प्रत्येकाला वाटायचं. पण लॅपटॉप आमच्यात कोणाच्या बापानं बघितला नव्हता.

प्रकाश तर असा मिरवत होता, जशी पेटी त्यानंच बनवली. "साहेबानं दोन दिवसांसाठी दिलाय. याची गंमत म्हणजे जो समोर बसला त्यालाच दिसतं. बाजूच्याला नुसता धूर! ऑफिसात कोण चोरून वाचू शकत नाय."

जमना आतल्या दारातनं म्हणाली, "चांगली गोष्ट असंल तर लपवायची कशाला?"

मी तिला डोळ्यांनी गप्प केलं. (तीस वर्षांत माझ्या डोळ्यांनी ती दोनदा गप्प बसली असेल. ही दुसरी खेप.)

मामा आले. जाडजूड, भला माणूस. त्यांना खुर्ची, मला खुर्ची, मध्ये स्टुलावर प्रकाश. पेटी टेबलावर. बायका खाली जमिनीवर: जमना, शेजारची धनीबाय आणि धनीबायच्या दोन सुना. पाव्हण्यांसमोर आमच्यात बाई खुर्चीवर बसत नाही. का बसत नाही, हे मी कधी विचारलं नाही आणि मला कोणी सांगितलं नाही. सुमी चुलीपाशी. नवऱ्या मुलीनं मुलाच्या मामासमोर फोटोत डोकावणं बरं दिसत नाही. तिच्या वाटचं तिची आय बघणार.

प्रकाशनं चार बटणं दाबली. फोटो आला.

काय मुलगा! काळेभोर केस, गव्हाळ रंग, पांढरा स्वच्छ शर्ट, आणि हसताना दिसणारे दात असे पांढरे, की मी माझं तोंड मिटून घेतलं. क्रेनच्या पायाशी उभा होता. मला तर क्रेन पण आवडली!

"झकास!" मी म्हणालो.

"मग सुपारी फोडायची का?" मामा म्हणाले.

"सुपारी काय घेऊन बसलात? नारळ फोडा!"

तेवढ्यात पेटीनं 'टुक' केलं आणि पडदा काळा पडला. बॅटरी संपली. तिची वायर कुठं? तर बेटेगावला, खोलीवर, खुंटीला! प्रकाश म्हणाला, "काय हरकत नाय, बघून तर झालं." खरंच होतं. सगळ्यांनी बघितलं होतं.

बायका एक अक्षर न बोलता उठून आत गेल्या. मी समजलो, आनंद झाला असेल. दुसरा चहा कुठवर आला बघायला मी मागनं गेलो, तर जमना चुलीत लाकूड असं सारत होती, जसं कोणाच्या पोटात.

"सुमीला मी त्या थेरड्याला देणार नाय."

"कोणत्या थेरड्याला?"

"तोच तुमचा क्रेनवाला! डोकं पांढरंफटक. तोंड काळंनिळं, बुडून मेलेल्या माणसासारखं. आणि दात बघितलं? कोळसं! माझ्यापेक्षा जास्त मिशरी लावतो तो!"

"अगं, तुला काय..."

"आणि शर्ट," धनीबाय म्हणाली. "लग्नाचा फोटो काढायचा तर काळा शर्ट! मयताला पण कोण घालत नाय."

"पांढरा होता शर्ट!"

"काळा!" चौघी एकदम. सुना पण! ज्या सुना धनीबायसमोर खोकायला घाबरतात, त्या पण!

आता एका बाईची चूक होईल. चार बायकांची एकच चूक कशी होईल, असा विचार शहाण्या माणसानं केला असता. मी काय विचार केला? की जमनाला मुलगी लांब द्यायची नाही, म्हणून तिनं तिघींना फितवलंय. आणि जमनानं काय विचार केला?

"तुमाला एक दाखवला, आमाला दुसरा! प्रकाश बोललाच ना, ज्याला दाखवायचं त्यालाच दिसतं म्हणून? मामानं तुमाला काय पाजलं?"

"चहा! तो पण तूच दिलास!"

मी तिचा पदर धरायच्या आत ती बाहेर. मामांसमोर जाऊन उभी.

"पाव्हणं, तुमच्या भाच्याचं वय काय?"

"अठ्ठावीस," मामा म्हणाले, हसतच.

"एकदा का दोनदा?"

मामांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, फक्त खालचा माणूस बदलला. "म्हणजे?"

"म्हणजे माझी पोर तेवीस वर्षांची हाय. म्हाताऱ्याची सेवा करायला मी तिला मोठी नाय केली."

मग जे झालं ते काय विचारू नका. मामा उठले. खुर्ची पडली. प्रकाश मध्ये पडला, "काकी, रोज बघतो मी फोटो, पांढरा शर्ट हाय, काळं केस हायत!" म्हणून पेटी उघडून बटणं बडवायला लागला, पण मेलेली पेटी काय दाखवणार? आणि त्याच्या लक्षात तरी कसं यावं! तो टेबल-खुर्चीवरचा माणूस. जमिनीवर बसून त्यानं ती पेटी कधी बघितलीच नव्हती. मामा दारात चपला शोधत होते, स्थळ हातचं चाललं होतं, आणि मला काहीतरी करायला पाहिजे होतं.

मी केलं.

"मामा, हिचं मनावर घेऊ नका!" मी ओरडलो. "हिचे डोळे गेलेत! मोतीबिंदू झालाय! हिला बोंबील कुठला आणि वाकटी कुठली ते पण दिसत नाय आता!"

जमना बोईसरच्या बाजारात तीस वर्षं मासळी विकायची. लांबनं टोपली बघून कालची मासळी आणि आजची मासळी सांगायची. तिला मी, सगळ्यांसमोर, असं म्हणालो.

धनीबायनं पण तोंडाला पदर लावला. जमनानं कपबशा गोळा केल्या, पडलेली खुर्ची उभी केली आणि आत गेली. मामा चहा अर्धा टाकून गेले.

पुढचे तीन दिवस ती माझ्याशी सुमीच्या तोंडानं बोलली. मी समोर बसलोय, ताट समोर आहे, आणि ती म्हणणार, "सुमे, तुझ्या बाबाला सांग, भात वाढलाय. आमटी त्याची त्याला दिसंल. डोळं चांगलं हायत त्याचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती ओट्यावर माझ्यासमोर येऊन बसली, गोधडीची सुई घेतली, दोरा घेतला आणि उन्हाकडं न बघता, एका झटक्यात, दोरा सुईत घातला. माझ्याकडं बघितलं. दोरा काढला. परत घातला. असं तीनदा! मग सुई ठेवून उठून गेली. शिवायचं काहीच नव्हतं.

मी तेव्हा हसलो. हसायला नको होतं.

तिसऱ्या दिवशी बाजारात टोपलीपुढं बसल्या बसल्या ती कलंडली. शेजारच्या बाईला वाटलं डुलकी लागली. डॉक्टर म्हणाले, हृदय. मला निरोप आला तेव्हा मी जाळं विणत होतो. काय काय झालं ते लिहीत नाही. मला येत नाही.

मामा मयताला आले. मी म्हटलंच, भला माणूस. मला बाजूला घेऊन म्हणाले, "झालं ते विसरा. डहाणूवाल्यांना मी थांबवलंय. दिवस होऊ द्या, मग सांगा." मी त्यांचे हात धरले. पण सुमी?

"आय नाय म्हणून गेली," सुमी म्हणाली. "आता माझं पण नाय."

"अगं, तिला नीट दिसलं नव्हतं..."

"बाबा, परत बोलू नका ते."

ती खरंच कोणाशी लग्न करणार नाही असं दिसत होतं. प्रकाशनं समजावलं, धनीबायनं समजावलं. (धनीबायनं उलटच समजावलं, "पोरी, वाचलीस!" म्हणून.) मला वाटायचं, लग्न झालं तर जमनाचा शेवटचा शब्द मोडला, आणि नाही झालं तर माझ्या एका वाक्यानं पोरीचं घर वसायच्या आधीच मोडलं. तिकडनं पण मीच, इकडनं पण मीच. झोप तर येतच नव्हती.

नवव्या दिवशी संध्याकाळी प्रकाश परत पेटी घेऊन आला. या वेळी वायर आणली होती. नरेशनं चार ओळी लिहून पाठवल्या होत्या, की आई जाणं काय असतं ते मला माहीत आहे, माझ्यामुळं घाई करू नका. प्रकाशनं वाचून दाखवल्या. मामा होते, शेजारचे तीन-चार पुरुष होते, सगळे खुर्च्यांवर. मी खाली. सुतकात मला खुर्ची चालत नाही ना! चटईवर बसायचं, चटईवर निजायचं. आणि टेबल भिंतीपाशी असल्यामुळं चटईला जागा उरली होती ती एकच. जमना बसली होती तीच.

"सुमी, ये, तूच बघ एकदा," प्रकाशनं हाक मारली.

"आयला दिसलं तेच खरं," ती आतनं म्हणाली. आली नाही.

प्रकाशनं तरी फोटो लावला. मी मान वर करून बघितलं.

"अरे! ह्यो कोण म्हातारा?"

"काका, नरेश हाय."

"नरेश कुठला? डोकं पांढरं हाय! तोंड काळंनिळं! दात... अरे, ह्यो तर बुडून मेलाय!"

सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. मग शेजारचा एक जण दुसऱ्याच्या कानात म्हणाला, पण असा, की मला ऐकू यावं, "बायको गेली आणि बिचाऱ्याचे डोळे पण गेले."

माझंच वाक्य! नवव्या दिवशी माझ्याच घरात मला परत मिळालं.

मी ताडकन उठलो. बघतो तर नरेश! काळे केस, पांढरा शर्ट. खाली बसलो, म्हातारा! उठलो, नरेश! अर्धवट वाकलो, तर डोकं करडं झालं, नवरदेव चाळिशीला आला! मी अजून खाली गेलो, तो साठीला गेला. वर आलो, परत तरणा. असं मी सात-आठ वेळा केलं. बाप-आजांच्या फोटोंखाली, सुतकात, उघड्या अंगानं, उठाबशा!

"अंगात आलं!" दारातनं धनीबाय किंचाळली. "जमनी आली अंगात! भगताला बोलवा कोणतरी!"

"भगत राहू दे, तू खाली बस!"

"मी नाय!"

"बस म्हणतो ना!"

ती बसली. वर बघितलं. आणि टेबलाकडं बोट करून ओरडली, "ह्योच तो! ह्योच! मी काय खोटं बोलत होते?"

मग प्रकाश, इस्त्रीची पँट घालून, माझ्या चटईवर बसला. वर बघितलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. "आयला," तो म्हणाला. मग बराच वेळ डोकं खाजवून म्हणाला, "काका, पडदा स्वस्तातला हाय हा. सरळ डोळ्यांसमोर असला तर रंग बरोबर. बाजूनं फिकट होतो ते मला माहीत होतं. खालनं बघितलं तर पांढऱ्याचं काळं आणि काळ्याचं पांढरं करतो, ते मला आज कळलं. मोठ्या साहेबाकडं भारीतला पडदा हाय, तो कुठनं पण बघा, सारखाच."

"मग मोठ्या साहेबाचा का नाय आणलास?"

तो पँट झटकत उठला. त्याचं तरी काय चुकलं! टेबल त्यानं नव्हतं ठेवलं.

आरडाओरडा ऐकून सुमी दारात आली होती. ती पुढं आली, माझ्या बाजूला चटईवर बसली आणि बघितलं. मग उभी राहिली आणि बघितलं. मग परत बसली. मला वाटलं आता रडेल. नाही रडली.

"बाबा, आय आंधळी नव्हती."

"नव्हती."

"तुमी तिला सगळ्यांसमोर आंधळी बोललात."

"बोललो."

"मग आता सगळ्यांसमोर सांगा."

मी मामांकडं तोंड केलं. "मामा," मी म्हणालो, "माझ्या बायकोचे डोळे चांगले होते. तिला दिसलं ते बरोबर दिसलं. खाली मी बसवली होती तिला. माफी तुमची पण मागतो, पण तुमची नंतर."

मामांनी रुमाल काढून नाक शिंकरलं. "मुलीचं काय म्हणणं?" त्यांनी विचारलं.

"मे महिन्यात त्याला येऊ दे," सुमी म्हणाली. "मी उभी राहून बघीन, खाली बसून बघीन, दोन्ही बाजूंनी बघीन. मग सांगीन."

मामा एवढ्यानं हसले, की खुर्ची वाजली. नऊ दिवसांत त्या घरात कोणी हसलं नव्हतं. मग त्यांना आठवलं आपण कुठं बसलोय, आणि ते गप्प झाले. पण हसले ते बरं झालं. (मे महिन्यात तिनं खरंच त्याला उभं करून, बसवून बघितलं. आज तिला दोन मुलं आहेत. नरेशचे केस आता खरंच पांढरे झालेत, त्याला इलाज नाही.)

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमी उठली नाही. नऊ दिवसांत पहिल्यांदा तिला झोप लागली होती, मी उठवली नाही. म्हटलं, चहा आपणच करू. एवढं काय असतं त्यात!

चुलीपुढं जमनाच्या पाटावर बसलो. तीस वर्षं तिच्या हातचं जेवलो, पण त्या पाटावर कधी टेकलो नव्हतो. चूल पेटवायला सात काड्या गेल्या. आधण ठेवलं, पत्ती टाकली, दूध टाकलं. आणि कालपासनं सवयच लागलेली, म्हणून मान वर करून बघितलं, की इथनं काय काय दिसतं.

चुलीवर माळा आहे. त्यावर जुनी जाळी टाकलेली. त्या जाळ्यांच्या मागं माझी दारूची बाटली. जमनानं लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, घरात दारू येणार नाही. मी म्हटलं होतं, नाही येणार. आणि तेव्हापासनं बाटली त्या माळ्यावर. उभ्या माणसाला दिसणं शक्यच नाही. मला स्वतःला दिसायची नाही, हात घालून चाचपून काढावी लागायची. अशी जागा शोधली म्हणून मी मनातल्या मनात किती वेळा स्वतःची पाठ थोपटली असेल!

पाटावरनं, माळ्याच्या दोन फळ्यांच्या फटीतनं, ती आडवी बाटली अख्खी दिसत होती. बुडापासनं बुचापर्यंत. किती उरलीय ते पण.

आणि ती घरंगळून खाली पडू नये म्हणून तिला कडेनं चुंबळ लावली होती. टोपलीखाली डोक्यावर घ्यायची कापडाची चुंबळ, जमनाची, जुनी, हिरव्या लुगड्याची. बाटली काढताना दरवेळी माझ्या हाताला काहीतरी मऊ लागायचं. मी समजायचो, जाळं.

मी तोंड वर करून तसाच बसून राहिलो. खाली चहा कधी चढला, कधी उतू गेला, मला कळलं नाही. चूल विझली तेव्हा धुरानं कळलं. जन्मात पहिल्यांदा मी चहा केला, आणि तो चुलीनं पिला.